नर्सिंगच्या मुली + वृद्धाश्रम + गाणारी माणसं, याला पैसा कोण देतं? (जळगाव-धुळे-नंदुरबारवाल्यांनी सांगा)

तापीकाठची_ट्यूटर

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या नर्सिंग कॉलेजात शिकवते, कॉलेजचं नाव टाकत नाही, ओळखणारे ओळखतील. विषय जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

बीएस्सी नर्सिंगच्या 2021 च्या नव्या सिलॅबसमध्ये चौथ्या सेमिस्टरला ॲडल्ट हेल्थ नर्सिंग दोनमध्येच जेरिॲट्रिक नर्सिंग (म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा) घातलंय, वर पॅलिएटिव्ह केअरचं (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याचं) मॉड्यूल. कागदावर मस्त आहे. पण प्रत्यक्षात आमच्या मुली वृद्धाश्रमात जातात म्हणजे काय करतात तर बीपी घेतात, शुगर बघतात, नखं कापतात, केळी वाटतात, बॅनर धरून फोटो काढतात आणि बसमध्ये बसून परत. केअर प्लॅन लिहायला सांगितला की सगळ्यांचा सेम, एकीने लिहिला की तीसजणींनी उतरवला. आणि एखाद्या आजोबांजवळ दहा मिनिटं नुसतं बसून बोल म्हटलं तर मुलगी घामाघूम, काय बोलू मॅडम म्हणते. तिची चूक नाही, आपण तिला इंजेक्शन द्यायला शिकवलं, बोलायला शिकवलंच नाही.

तर माझ्या डोक्यात असं आहे की आठवड्यातून एक दिवस ठरवून, वर्षभर, तालुक्यातले खरे गाणारे लोक वृद्धाश्रमात न्यायचे. भजनी मंडळवाले, कानबाईची (आपल्या खानदेशातली श्रावणातली देवी) गाणी म्हणणाऱ्या बायका, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गाण्यांवाल्या, वहीवाले (डफावर लोकगाणी गाणारे) मिळाले तर ते. एका वेळी सहा-आठच म्हातारी माणसं, मोठा कार्यक्रम नाही. मुली सोबत बसणार, गाण्याआधी-नंतर बोलणार, कोण बोलतं कोण गप्प बसतं कोणाला ऐकू येत नाही ते लॉगबुकात लिहिणार. आमचे चेअरमन साहेब म्हणाले आयडिया चांगली आहे मॅडम, फंड आणा आणि करा. आता मी शिकवणारी बाई, फंड कुठून आणू?

विचारायचं हे की 1) कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (नफ्यातला जो भाग समाजकामावर खर्च करायचा असतो त्यात) असलं काही बसतं का, 2) सरकारी काही आहे का, 3) बाहेरच्या देशात म्हणे नर्सिंग कॉलेज आणि कला या दोन्हीला मिळून फाउंडेशनवाले पैसे देतात, ते कसं चालतं, आणि 4) खरंखुरं सांगा, याने काही फरक पडतो का की आपल्याच मनाचं समाधान?

एमआयडीसी_भो

मॅडम मी एका कंपनीत सीएसआरचं काम बघतो (मेन काम एचआर, सीएसआर गळ्यात पडलेलं 😅). बसतं. आरामात बसतं.

कंपनी कायदा 2013, कलम 135. ज्या कंपनीचं नेटवर्थ 500 कोटी किंवा टर्नओव्हर 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी असलं तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावेच लागतात. कशावर करायचे त्याची यादी शेड्यूल सातमध्ये आहे. त्यात शिक्षण आहे, आरोग्य आहे, वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांची डे केअर सेंटरं स्पष्ट लिहिलेली आहेत, आणि पारंपरिक कला पण आहे. तुमचं एकच काम चार खान्यांत बसतंय, असे प्रपोजल आमच्याकडे येतच नाहीत. आमच्याकडे येतं काय, शाळेला रंग द्या, गणपती मंडळाला द्या (ते बसत नाही तरी दरवर्षी येतात), वॉटर कूलर द्या. आणि कायद्यातच लिहिलंय की कंपनीने आपल्या आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यावं, म्हणजे मुंबईच्या संस्थेपेक्षा तुमचा नंबर आधी लागायला पाहिजे.

आता अडचणी. ट्रस्टचं 12ए आणि 80जी (इन्कम टॅक्सच्या नोंदण्या) आहे का बघा, आणि केंद्राच्या कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 फॉर्म भरून नंबर घेतलाय का. 1 एप्रिल 2021 पासून तो नंबर नसलेल्या संस्थेमार्फत कंपनीला सीएसआरचं काम करता येत नाही, कितीही ओळख असो. तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट तयार ठेवा.

अजून एक, हे फार जण चुकीचं समजतात म्हणून लांब लिहितो. लोकांना वाटतं की सीएसआरमधून पगार-मानधन देता येत नाही, 5 टक्केच देता येतं. तसं नाहीये. ती 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या ऑफिस खर्चाला आहे, म्हणजे माझ्यासारख्या माणसाचा पगार वगैरे. तुमच्या प्रोजेक्टवर थेट होणारा खर्च, म्हणजे कलाकाराचं मानधन, गाडीभाडं, नोंदी ठेवणाऱ्या ट्यूटरचं जादाचं काम, हा प्रोजेक्टचाच खर्च धरतात. पण हे तुम्हाला समोरच्याला समजावून सांगावं लागेल कारण आमच्याकडच्या अर्ध्या अकाउंट्सवाल्यांना पण माहीत नसतं.

आणि एक वर्षाचं मागू नका. 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून मागा. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालवता येतं. नाहीतर काय होतं, फेब्रुवारी आला की सगळ्या कंपन्यांना पैसे संपवायची घाई होते, मग ते तुम्हाला म्हणतात मॅडम 31 मार्चच्या आत बिलं द्या, आणि तुमच्या आठवड्याच्या गाण्याचं रूपांतर एका दिवसाच्या महोत्सवात होतं, मंडप, साउंड, सत्कार, शाल-श्रीफळ.

सिस्टर_धुळे

मी कडू बोलणार आहे, राग मानू नका ताई.

मी आधी एका वृद्धाश्रमात नोकरी केलीय, आता हॉस्पिटलला आहे. तुमच्यासारखे चांगले लोक आमच्याकडे फार यायचे. वाढदिवस साजरा करायला यायचे, पितृपक्षात तर रांग, एका दिवशी तीन पार्ट्यांचं जेवण आणि पुढच्या मंगळवारी डायपर संपलेले. संस्थेत रात्री एकच बाई, ती पण ट्रेनिंग नसलेली. मग प्रश्न असा पडतो की आधी रात्रीची ट्रेंड माणसं की आधी गाणी?

दुसरं, नर्सिंगच्या पोरींना फुकटची कामगार म्हणून वापरू नका. पोस्टिंगच्या नावाखाली त्यांच्याकडून अंघोळी घालून घ्यायच्या आणि रजिस्टरला 'क्लिनिकल तास' लिहायचे हे सगळीकडे चालतं.

आता गाण्याबद्दल. करायचंच असेल तर हे लक्षात ठेवा. ढोल-ताशा आणि माइक अजिबात नको. कानाचं मशीन लावलेल्या माणसाला सगळाच आवाज मोठा होऊन ऐकू येतो, तो मशीन काढून खिशात घालतो आणि मग आपण लिहितो 'सहभाग नाही'. वेळ सकाळची, नाश्ता-गोळ्या झाल्यावर. डिमेन्शियावाल्यांची (विसरण्याचा आजार असलेल्यांची) संध्याकाळ आधीच बेचैनीची असते, तेव्हा नवीन माणसं, गर्दी नकोच. पेढे वाटू नका, निम्मे शुगरवाले. आणि आखाजीची गाणी सुरू झाली की माहेर आठवून कोणीतरी रडणार म्हणजे रडणार. तेव्हा पोरगी घाबरून उठून गेली तर त्या आजीचं जास्त वाईट होतं. रडणाऱ्या माणसाजवळ गप्प बसून राहायचं, हे आधी वर्गात शिकवा, मग न्या.

तापीकाठची_ट्यूटर

@सिस्टर_धुळे राग कशाला, हेच पाहिजे होतं. रडण्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आधी माणसं की आधी गाणी याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही, पण एक वाटतं की ज्या मुलीने शिकताना एका आजीला नीट ऐकलंय ती उद्या नाइट ड्यूटीला बेल वाजल्यावर जरा लवकर उठेल. कदाचित.

सडेतोड_425

आधी स्वतःच्या घरातले म्हातारे सांभाळा म्हणावं लोकांना. वृद्धाश्रमच बंद करा. 2007 चा कायदा आहे ना आईबापांना सांभाळायचा, लावा केस पोरांवर. गाणी कसली ऐकवताय.

केळीवाला_रावेर

@सडेतोड_425 भो, पोरगं पुण्याला, पोरगी सुरतला, बाप इकडे पडून फ्रॅक्चर. केस लावून त्याला पाणी कोण देईल? आमच्याकडे गावात अर्धी घरं अशीच. मॅडम तुम्ही फक्त वृद्धाश्रम धरू नका, गावातल्या पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी पण करा. वृद्धाश्रमात राहणारे मूठभर, घरात एकटे पडलेले जास्त.

डफवाल्याचा_पोरगा

माझे वडील वही गायचे. डफावर. आता वय झालं, गुडघे गेले, पण आवाज अजून खणखणीत. तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली तर पहिलं काय म्हणाले माहिती आहे? "फुकट बलाई राहिनात का?" (फुकट बोलावताहेत का?) 😄

हसण्यावारी नेऊ नका. आम्हा लोकांना सगळे जण 'सेवा' म्हणून बोलावतात. मंडपवाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, केटरर्सला पैसे, आणि कलाकाराला नारळ. तुम्ही बजेट करताना पहिली ओळ कलाकाराच्या मानधनाची टाका, प्रत्येक खेपेचं ठरलेलं, आणि त्याच दिवशी हातात किंवा खात्यावर द्या. जाण्यायेण्याचं वेगळं. आमच्याकडचे बरेच कलाकार मजुरीला जातात, एक दिवस बुडाला की रोज बुडतो.

सरकारी विचारलंय तर राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांची मानधन योजना आहे, जुनीच आहे, आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलंय. 2024 पासून महिन्याला 5000 सरसकट झाले, आधी राज्य, राष्ट्रीय, जिल्हा अशा ग्रेड असायच्या. वय 50 च्या वर आणि कलेत किमान 15 वर्षं काम पाहिजे, उत्पन्नाची पण अट आहे. आता गंमत बघा, आमच्या भागात गाणारी निम्मी माणसं अंगठेबहाद्दर, त्यांच्याकडे 15 वर्षं गायल्याचा पुरावा काय असणार? कोणी सर्टिफिकेट दिलं नाही, पेपरात फोटो नाही. तुमच्या कॉलेजने प्रत्येक खेपेनंतर लेटरहेडवर एक पत्र दिलं, तारीख टाकून सही-शिक्क्याचं, तर त्या माणसाच्या फाइलला ते लागेल. तुम्हाला एक रुपया खर्च नाही.

आणि हो, बाबा म्हणतात येतो. खुर्ची पाहिजे फक्त, खाली बसता येत नाही.

तापीकाठची_ट्यूटर

@डफवाल्याचा_पोरगा बाबांना नमस्कार सांगा. पत्राचं पक्कं, ते तर मी उद्यापासून देऊ शकते. आणि खुर्ची नाही, आरामखुर्ची देऊ.

भुसावळ_ते_बोस्टन

मी मूळची भुसावळची, रेल्वे कॉलनीत वाढलेली, आता इकडे अमेरिकेत नर्स आहे. तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते.

इथे म्हाताऱ्यांच्या नर्सिंगला उभं केलं त्यात एका फाउंडेशनचा मोठा हात आहे, जॉन ए. हार्टफर्ड फाउंडेशन. 1929 सालचं. पैसा कुठला तर किराणा दुकानांच्या साखळीचा, म्हणजे चहा-साखर विकून आलेला. 1980 च्या दशकात त्यांनी ठरवलं की आपला पैसा म्हातारपण आणि आरोग्य याच विषयावर लावायचा. 1996 ला न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत जेरिॲट्रिक नर्सिंगची संस्था यांच्याच पैशातून निघाली. आणि त्यांनी इमारतीपेक्षा शिकवणाऱ्यांवर पैसा लावला, म्हणजे नर्सिंगच्या प्राध्यापकांनाच आधी म्हातारपण शिकवा, सिलॅबस बदला. कारण एक प्राध्यापक तयार झाला की तो दरवर्षी पोरींची एक बॅच तयार करतो.

कलेचं वेगळं. डॉ. जीन कोहेन म्हणून मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांनी 2001 ला एक अभ्यास सुरू केला, वॉशिंग्टन, ब्रुकलिन आणि सॅन फ्रान्सिस्को अशा तीन ठिकाणी मिळून साधारण 300 वृद्ध. एका गटाला दर आठवड्याला व्यावसायिक कलाकार शिकवायचे, वॉशिंग्टनला तर गाण्याचा कोरसच होता, दुसऱ्या गटाचं नेहमीचं आयुष्य चालू. वर्षभराने दुसऱ्या गटाच्या मानाने गाणाऱ्यांच्या डॉक्टरच्या खेपा कमी, औषधं कमी, पडण्याचं प्रमाण कमी निघालं. पैसा इथल्या सरकारच्या कला निधीचा होता आणि त्याला आरोग्य खात्याने, खाजगी संस्थांनी जोड दिली. कला खातं आणि आरोग्य खातं एका कागदावर सही करतात हे मला इकडे आल्यावर पहिल्यांदा दिसलं. पण प्रामाणिकपणे सांगते, अभ्यास लहान होता, आणि ज्यांना मुळात गाण्याची हौस तेच आले असणार, त्यामुळे एवढ्यावरच उड्या मारू नका.

चौथ्या प्रश्नाला 2018 चा कॉक्रेन रिव्ह्यू (बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा) बघा, डिमेन्शिया आणि संगीत यावरचा. त्यात असं निघालं की निदान पाच बैठका झालेल्या असतील तर उदासी आणि एकूण वागण्यातले त्रास बहुतेक कमी होतात, पण आक्रमकपणा किंवा स्मरणशक्ती यावर विशेष फरक नाही. म्हणून प्रपोजलमध्ये 'स्मरणशक्ती परत येईल' असलं काही लिहू नका प्लीज, कोणी डॉक्टर बसलेला असेल तर तिथेच पडाल. जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा मोठा अहवाल पण आहे कला आणि आरोग्यावर, 3000 च्या वर अभ्यास धरलेत, कव्हर लेटरला तो चालेल.

आणि एक बिनपैशाची गोष्ट. इथे 'टाइमस्लिप्स' म्हणून पद्धत आहे, ॲन बास्टिंग नावाच्या बाईंनी 1990 च्या दशकात काढलेली. म्हाताऱ्या माणसाला 'आठवतंय का' असं विचारायचंच नाही. एक गमतीदार फोटो दाखवायचा आणि विचारायचं, इथे काय चाललंय? तो जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं, चूक-बरोबर नाही, आणि शेवटी सगळ्यांची मिळून गोष्ट वाचून दाखवायची. तुमच्या 'काय बोलू मॅडम' वाल्या मुलीसाठी हे फार उपयोगी आहे. बैलबाजाराचा, जिनिंगचा, भुसावळ यार्डातल्या इंजिनाचा फोटो दाखवा, पुरुष मंडळी पण बोलतील. ओव्या-गाण्यांत आजोबा लोक गप्प बसतात, माझे वडील तसेच.

परदेशातून पैसे आणायचं मात्र डोक्यातून काढा सध्या. एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची केंद्राची परवानगी) असल्याशिवाय परदेशी देणगी घेता येत नाही.

एमआयडीसी_भो

+1. एफसीआरएला तीन वर्षं जुनी संस्था पाहिजे, त्या तीन वर्षांत 15 लाख कामावर खर्च केलेले दाखवावे लागतात, आणि 2020 पासून पैसे आधी दिल्लीच्या एसबीआयच्या मेन ब्रांचमधल्या खात्यातच येतात. शिवाय एका संस्थेने घेऊन दुसरीला द्यायचे हे पण बंद. एवढ्याशा कामाला ही झंझट नको.

नंदुरबारचा_सीएचओ

उशिरा वाचलं. दोन गोष्टी.

सरकारी मध्ये केंद्राची अटल वयो अभ्युदय योजना आहे, त्यातून वृद्धाश्रम चालवायला संस्थांना अनुदान मिळतं, निदान 25 निराधार वृद्धांचं सांभाळायचं असतं. दर्पण पोर्टलवर (संस्थांच्या नोंदणीची सरकारी साइट) नोंदणी लागते. पण ते आश्रम चालवायला, तुमच्या गाण्याला नाही. तरी ज्या आश्रमाशी तुम्ही एमओयू (लेखी करार) करणार त्यांना मिळतं का ते विचारा, मिळत असेल तर त्यांच्याकडे जेवण-नर्स यांचं काहीतरी बरं असेल आणि सिस्टरताईंचा रात्रीचा प्रश्न थोडा तरी सुटलेला असेल. आणि मुलींना 14567 हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ करायला लावा, फुकट आहे, अर्ध्या स्टाफला माहीत नसतो.

दुसरी गोष्ट कोणी बोललंच नाही. तुमच्या वर्गात धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरच्या पट्ट्यातल्या मुली असतीलच. त्या पावरी, भिलोरी बोलतात आणि कॉलेजात आल्यावर ते लपवतात, कारण हसतात. आमच्याकडे सातपुड्यातून खाली आणलेली म्हातारी वॉर्डात आठ-आठ दिवस एक शब्द बोलत नाही, फाइलवर 'कन्फ्युज्ड' लिहून मोकळे. एक शिकाऊ मुलगी पावरीत बोलली की म्हातारी उठून बसते, कुठे दुखतं ते सांगते. तर तुमच्या प्रोजेक्टमध्ये बाहेरून कलाकार आणताय ते आणाच, पण वर्गात आधीच बसलेल्या गाणाऱ्या मुलींना विचारा. पावरा, भिल्ल मुलींना रोडाली (त्यांची पारंपरिक गाणी) येतात, होळीला गातात. त्यांना त्याचे मार्क द्या. मार्क दिल्याशिवाय आपल्याकडे कशालाच किंमत नाही.

सिस्टर_धुळे

हे पटलं. आमच्या बॅचला असंच होतं, अहिराणी बोललं की 'गावठी' म्हणायचे. आता वॉर्डात माझं अर्धं काम अहिराणीवरच चालतं. "काय व माय, झोप उनी का?" म्हटलं की आजी गोळी घेते, नाहीतर थुंकते.

फोटोचं एक राहिलं. कंपनीवाले बॅनरसकट फोटो मागतील. ज्या आजीला स्वतःचं नाव सांगता येत नाही तिने फोटोला हो म्हटलं असं कसं धरायचं? तिच्या घरच्यांना किंवा आश्रमाला लेखी विचारा, नाहीतर हातांचे फोटो द्या, कलाकाराचे द्या.

एमआयडीसी_भो

हे आमच्याकडे चालतं. रिपोर्टमध्ये आम्हाला आकडे लागतात, चेहरे नाही. सहभागी किती, किती बैठका, आधी-नंतर काय. आधी-नंतरला तुमच्याकडे काही स्केल असेल ना?

तापीकाठची_ट्यूटर

@एमआयडीसी_भो आहे, जेरिॲट्रिक डिप्रेशन स्केल, 15 प्रश्नांचं, हो-नाही मध्ये उत्तर. मुलींना ते शिकवायचंच असतं. सुरुवातीला, सहा महिन्यांनी आणि वर्षाने भरू. डिमेन्शिया खूप वाढलेल्यांना ते चालत नाही, त्यांचं मुली नुसतं बघून लिहितील. जेवलं का, झोपलं का, किती वेळ बसलं.

बरं, आत्तापर्यंत माझ्या वहीत हे झालंय. एकच वृद्धाश्रम, आठवड्याला एक सकाळ, माइक नाही. एक आठवडा कलाकार, एक आठवडा मुलींचा फोटो-गोष्टीचा प्रकार, म्हणजे मानधनाचा खर्च पण निम्मा. बजेटची पहिली ओळ कलाकार, दुसरी गाडीभाडं, तिसरी एका ट्यूटरचे तास, आणि चौथी मी स्वतःहून घातलीय, आश्रमातल्या रात्रीच्या बाईला कॉलेजात ट्रेनिंग, त्या दिवसांची तिची मजुरी धरून. @सिस्टर_धुळे ही ओळ तुमच्यामुळे. @केळीवाला_रावेर गावातलं पुढच्या वर्षी, आत्ता घेतलं तर दोन्ही बोंबलेल. पावरा मुलींशी उद्या बोलते, दोघी तर लगेच डोळ्यासमोर आल्या.

एक अडकलंय. सीएसआर-1 आमच्या ट्रस्टचा आहे की नाही ऑफिसात कोणालाच सांगता येत नाहीये, क्लार्क म्हणतो सीएंना विचारा, सीए फोन उचलत नाहीत. आणि प्रपोजल कोणत्या महिन्यात द्यायचं?

एमआयडीसी_भो

सीएला फोन नका करू, ऑफिसात जाऊन बसा 😄. नंबर सीएसआरने सुरू होतो, एमसीएच्या (कंपनी मंत्रालयाच्या) मंजुरीच्या मेलमध्ये असतो, ट्रस्टच्या मेलला सर्च मारा. नसेल तर फॉर्म सीएच्या डिजिटल सहीने जातो, 12ए-80जी ठीक असेल तर फार वेळ लागत नाही.

प्रपोजल डिसेंबरच्या आत द्या, दोन पानांचं, बजेट एका पानावर. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचं ठरतं, एप्रिलनंतर आलात तर 'बघू' म्हणतील. माझ्या कंपनीचं नाव इथे टाकत नाही, मेसेज करतो तुम्हाला. आमच्याकडे नाही झालं तर भुसावळ साइडला दोघं जण ओळखीचे आहेत.

डफवाल्याचा_पोरगा

बाबा विचारताहेत डिसेंबरपर्यंत थांबायचं का. म्हणतात पहिली खेप कानबाईच्या आधी करा, पैसे नंतर बघू. मी म्हटलं नाही, आधी ठरवा. 😄 ताई तारीख कळवा.